सहाव्या पाठात आमचं गाव कुठंय?

प्रति,
अध्यक्ष आणि सदस्य,
इतिहास विषय समिती,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती),
पुणे.

विषय : दहावीच्या इतिहासातला करमणुकीचा पाठ



राणीसावरगाव हे परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. इथं मी दहावीला इतिहास शिकवतो. आपलं पुस्तक गेली काही वर्षं रोज माझ्या हातात असतं. पानांचे कोपरे दुमडून दुमडून गळायला आलेत. तेव्हा पुढं जे लिहितोय ते पुस्तक न वाचता लिहिलेलं नाही, एवढं मानून घ्यावं.

आधी आभार. २०१८ साली हे पुस्तक आलं. त्याच्या आधीच्या पुस्तकात साम्राज्यवाद, दोन महायुद्धं, शीतयुद्ध असा जगाचा इतिहास होता. नव्या पुस्तकात आपण प्रसारमाध्यमं, मनोरंजन, खेळ आणि पर्यटन यांना इतिहासात घेतलं. ‘मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास’ हा सहावा पाठ झाला. सरकारी पुस्तकात तमाशाला कीर्तनाच्या शेजारी जागा मिळाली, ही लहान गोष्ट नाही. ‘आता पिच्चरचाही अभ्यास का हो सर?’ असं एका पालकानं मला भर बाजारात अडवून विचारलं होतं. त्या दिवशी मी आपल्या बाजूनं भांडलो होतो.

आता तक्रार. एका वर्षी हा पाठ संपवून मी फळा पुसत होतो. लळित झालं होतं, भारूड झालं होतं. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेलं ‘सीतास्वयंवर’, १९१३चा दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, सगळं झालं होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, यात आपलं गाव कुठंय?’ मी सवयीनं उत्तर दिलं, ‘पुस्तक सगळ्या महाराष्ट्राचं असतं, बाळ.’ ती म्हणाली, ‘मंग आपण त्यात नाही का?’ वर्ग हसला. मीही हसलो. घरी गेल्यावर मात्र हसू येईना.

मुलीचा प्रश्न गावाच्या नावाचा नव्हता. राणीसावरगावचं नाव छापलं असतं तरी तिचं समाधान झालं नसतं. सहाव्या पाठात करमणूक करणारे आहेत. करमणूक करून घेणारे नाहीत. कीर्तनकार आहे, श्रोता नाही. दिग्दर्शक आहे, तिकीट काढणारा नाही. ‘पहिला’ कोण याला गुण आहेत: पहिलं नाटक, पहिला मूकपट, पहिला बोलपट. लाखावा कोण, हे कुणी विचारत नाही. आमची लेकरं लाखाव्याच्या घरातली आहेत. पाठाच्या शेवटी या क्षेत्रातल्या व्यवसायाच्या संधी दिल्या आहेत. म्हणजे करमणुकीशी मुलाचा संबंध उद्या येणार, असं पुस्तक धरून चालतं. तो संबंध त्याच्या आजीच्या आजीपासून आहे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला एक काम दिलं. घरातली एक वस्तू शोधायची, तिच्याबद्दल बोलणारं एक म्हातारं माणूस शोधायचं, आणि त्याला विचारायचं: आमच्या वयाचे असताना तुम्ही काय बघायचात, काय ऐकायचात, कुणासोबत? दुसऱ्या महायुद्धानंतरची करमणूक, अशी मी मुलांना हद्द घालून दिली होती. ती हद्द पहिल्याच दिवशी मोडली.

म्हाताऱ्या माणसांना महायुद्ध आठवत नव्हतं. एक आजोबा म्हणाले, ‘युद्ध कोणतं? रझाकारातलं का?’ त्यांचं बरोबर होतं. आमचा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४५ साली जगाचं युद्ध संपलं, १९४७ला देश स्वतंत्र झाला, आणि आमच्याकडं १७ सप्टेंबर १९४८ला पोलीस ॲक्शन संपेपर्यंत निजामाचंच राज्य होतं. साध्या सभेलाही परवानगी लागे. कागदोपत्री भाषा उर्दू. पुढं १ नोव्हेंबर १९५६पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात, मग द्विभाषिक मुंबईत, आणि १ मे १९६०पासून महाराष्ट्रात. पुण्या-मुंबईच्या मुलाचा ‘युद्धोत्तर काळ’ आणि आमच्या मुलाचा एक नाही.

याचा करमणुकीशी संबंध काय? एकच उदाहरण देतो. १९५६ साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं सुरू करण्याचा प्रयोग केला. दीडशेच्या आसपास गावांत लोकांनी एकत्र बसून रेडिओ ऐकायचा आणि त्यावर चर्चा करायची. जगभर त्या प्रयोगाची चर्चा झाली. ही गावं मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांतली होती. परभणी तेव्हा मुंबई राज्यात नव्हतंच. निजामाचं स्वतःचं डेक्कन रेडिओ होतं, ते १९५०मध्ये आकाशवाणीत मिळालं. म्हणजे एकाच भाषेच्या दोन शेतकऱ्यांचा रेडिओचा इतिहास सरहद्दीच्या दोन बाजूंना वेगळा घडला. पुस्तकात तो एकच आहे.

वर्गातल्या मुलांनी मग स्वतःच एक कालपट तयार केला. त्यावर इंग्रजी सालं कमी आहेत. आमच्याकडं माणूस सांगतो, ‘रझाकाराच्या आधी’, ‘बहात्तरच्या दुष्काळात’, ‘किल्लारीच्या भूकंपाच्या साली’, ‘लॉकडाऊनमधी’. या चार खुंट्यांवर पोरांनी पंचाहत्तर वर्षं टांगली. कोणती गोष्ट गावात कधी आली हे विचारलं की उत्तर हमखास यातल्या एका खुंटीच्या अलीकडचं किंवा पलीकडचं येतं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, माणसं विसर्जन करून दमून झोपली होती. गणपतीपुढं त्या वर्षी काय लावलं होतं, हे म्हणूनच अजून लोकांच्या ध्यानात आहे.

आता वस्तूंकडं येतो. एका मुलानं जुनं रेडिओचं लायसन्स आणलं. पोस्टात पैसे भरून शिक्के मारून घ्यायची ती पुस्तिका. घरात रेडिओ वाजवायला सरकारची परवानगी लागत होती, हे ऐकून वर्गाला खोटं वाटलं. त्यानं आजोबांना विचारलं होतं, ‘काय ऐकायचे?’ आजोबांचं उत्तर एका शब्दाचं होतं: ‘सिलोन.’

या एका शब्दावर माझे दोन तास गेले. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२पर्यंत राहिले. आपलेच मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे कळकळीचे चाहते. सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी रेडिओची कळ फिरवली. त्याच १९५२मध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि साबणा-टूथपेस्टच्या जाहिरातींच्या जोरावर परदेशातलं एक केंद्र आपल्या घराघरांत शिरलं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. पाच वर्षांत लोकांनी सरकारला आपल्या आवडीवर आणलं.

मी वर्गाला विचारलं, ‘केसकर चुकले का?’ अर्धा वर्ग ‘हो’ म्हणाला. एक मुलगा म्हणाला, ‘सर, त्यांच्यामुळं शास्त्रीय गाणाऱ्यांना काम तर मिळालं असंल.’ तेही खरं आहे. रेडिओच्या त्या धोरणानं पुष्कळ गायक-वादकांना मोठा श्रोतृवर्ग दिला. मला यातून मुलांनी निकाल द्यायला नको होता. कोणती करमणूक ‘संस्कृती’ आणि कोणती नुसती ‘करमणूक’, हे कुणीतरी कुठंतरी बसून ठरवत असतं, आणि लोक ते मोडत असतात, हे त्यांना दिसायला हवं होतं. ते दिसलं. पुढं परभणीतच आकाशवाणीचं केंद्र आलं. मग आमच्या बोलीतले शब्दही रेडिओवर ऐकू यायला लागले, असं त्याच आजोबांनी पोराला सांगितलं.

दुसरी वस्तू म्हणजे वस्तू नव्हतीच. एका मुलीनं तिच्या आजीची आठवण लिहून आणली. जत्रेत टुरिंग टॉकीजवाला यायचा. तंबू कधी असायचा, कधी नुसता दोन बांबूंना बांधलेला पडदा. पडद्याच्या पुढं गर्दी झाली की बाया आणि लेकरं मागं जाऊन बसायची. पडदा पातळ, त्यामुळं मागूनही चित्र दिसायचं, फक्त उलटं. आजी म्हणाली, ‘आमच्या पिच्चरमधला हिरो डावरा होता.’ पुढं कितीतरी वर्षांनी तिनं तोच सिनेमा टीव्हीवर पाहिला तेव्हा तिला कळलं की तो उजव्या हातानं तलवार चालवतो.

आमच्या पाठात नसलेलं सगळं या एका वाक्यात आहे. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ला आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात जवळजवळ अडीच वर्षं चालला, हे विद्यार्थ्याला जरूर सांगा. पण असा सिनेमा खेड्यात किती वर्षांनी पोचला, कोणत्या पडद्यावर दिसला, आणि पडद्याच्या कोणत्या बाजूला कोण बसलं होतं, हेही विचारायला लावा. कोण पुढं बसलं आणि कोण मागं, यात जात आली, बाई-पुरुष आलं, पैसा आला. इतिहास आणखी कशाला म्हणतात?

बायांचंच बघा. तमाशाच्या तंबूत गावातल्या बाया जात नसत. लग्नाआधी, लग्नानंतर, म्हातारपणी, कधीच नाही. आमच्या वर्गातल्या मुलींनी विचारलं तर बहुतेक आज्यांचा पहिला मोठा सिनेमा देवाचा निघाला. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ आला. चपला बाहेर काढून लोक आत जायचे, पडद्यावर देवी आली की नाणी उधळायचे, आणि शुक्रवारचं व्रत गावोगाव पसरलं. आमच्याकडच्या बाया बैलगाड्या जुंपून तालुक्याला गेल्या होत्या. एका आजीनं नातीला सांगितलं, ‘देवीचं नाव होतं म्हणून घरच्यांनी जाऊ दिलं. आम्ही देवी बी पाहिली आन् गंगाखेड बी पाहिलं.’ तो चित्रपट चांगला की वाईट, हे समीक्षक सांगतील. त्याच्यामुळं कोण घराबाहेर पडलं, हे इतिहासाच्या शिक्षकानं सांगायला हवं.

तिसरी वस्तू कॅसेट. भीमनगरातल्या एका मुलानं प्लास्टिकच्या पिशवीत बारा कॅसेटी आणल्या. दोन-तीन ठिकाणी फीत तुटली होती, ती नेलपॉलिशनं चिकटवलेली होती. वामनदादा कर्डक यांचं नाव वर्गातल्या फार थोड्यांना माहीत होतं. १९२२ साली सिन्नर तालुक्यात जन्मलेला हा माणूस गावोगाव फिरत गात राहिला आणि २००४ला गेला. आंबेडकरी जलशातून आलेली ही गाणी आधी तोंडातोंडी फिरली, ऐंशीच्या दशकात कॅसेटीवर आली, आता डीजेवर वाजतात. रेडिओनं त्यांना फार दारात उभं केलं नाही. कॅसेटला कुणाची परवानगी लागत नव्हती. चार पैसे असले की मंडळ गाणं रेकॉर्ड करू शकत होतं. मराठवाड्यात १९७८ ते १९९४ विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटलेला होता. त्या सोळा वर्षांत गाणं हे किती जणांसाठी वर्तमानपत्र होतं, हे त्या मुलाच्या वडलांनी वर्गात येऊन सांगितलं. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात शांत तास होता. सहाव्या पाठात पोवाडा आहे, पण या गाण्याला पुस्तकात घर नाही.

तांड्यावरच्या मुलांचं आणखी वेगळं. आमच्या भागात बंजारा तांडे पुष्कळ. होळीला लेंगी गायली जाते, ती गोरमाटीत. पुस्तकातली भाषा मराठी, घरातली गोरमाटी, मोबाईलवरची हिंदी. दिवाळीनंतर यातली कितीतरी लेकरं आई-बापांबरोबर ऊसतोडीला जातात. कारखान्याच्या फडावर, कोपीत, त्यांची करमणूक ट्रॅक्टरवरच्या डेकमधून येते. एका मुलानं लिहिलं होतं, ‘आमच्या ट्रॅक्टरवाल्याला जे आवडते तेच आमाला पाठ होते.’ लोकप्रिय संस्कृती कशी पसरते यावर मी पुष्कळ वाचलं आहे. याहून नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही. तांड्यावरची लेंगी आता यूट्यूबवर आहे, आणि ती पाहणारे तांडे तीन-चार राज्यांत पसरलेले आहेत. एवढा मोठा श्रोता त्या गाण्याला आधी कधी मिळाला नव्हता.

आता आपल्याला वाटत असेल, शिक्षकानं गावातल्या आठवणी गोळा केल्या, छान झालं. पण मला आठवणींचा मेळावा भरवायचा नाही. बदल मोजायचा कसा, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी एक उदाहरण मला फार उपयोगी पडलं, ते आपल्यापुढं ठेवतो.

२५ जानेवारी १९८७ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. २८ मार्च २०२०ला, लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात, तीच मालिका पुन्हा सुरू झाली. तेच नट, तेच बाण, तेच संवाद. मी मुलांना दोन रकाने आखायला सांगितले. एका रकान्यात आई-वडलांना विचारून १९८७, दुसऱ्यात स्वतः पाहिलेलं २०२०. पहिल्या रकान्यात आलं: गल्लीत एक टीव्ही, उंच बांबूवर अँटेना, रविवारी सकाळी अंगणभर माणसं, टीव्हीला हार, वीज गेली की ओरडा. कुणाला खुर्ची, कुणाला सतरंजी, कुणाला दाराबाहेरची पायरी. दुसऱ्या रकान्यात आलं: घरातली चार माणसं, मध्येच मोबाईल, जाहिरात लागली की दुसरं चॅनेल, आणि ‘मी थोडंच पाहिलं, मग रील पाहिले.’ कार्यक्रम बदलला नाही, बघणारा बदलला. पायरीवरचा माणूसही आता आपल्या घरात बसून बघतो, ही त्यातली मिळकत. एकत्र ओरडायला कुणी नाही, ही तूट. दोन्ही बाजू मुलांनी स्वतः लिहिल्या. मी फक्त रकाने आखले होते.

मिळकत आणि तूट दोन्ही म्हणतो, कारण हा विषय शिकवताना एक मोठा खड्डा आहे आणि आम्ही शिक्षक त्यात नेमानं पडतो. ‘पूर्वीचं किती चांगलं होतं, आताची पिढी मोबाईलनं बिघडली’ हा तो खड्डा. गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. जात्यावरच्या ओवीचा अभिमान आम्हाला असणारच. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात आमच्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या ओव्याही आहेत. त्यांचं मोल मोठं आहे. मी वर्गात ओवी गेली म्हणून हळहळ व्यक्त केली, तर एका पोरीनं आजीचं म्हणणं वाचून दाखवलं: ‘गिरणी आली तवा ओवी गेली, पण माय, हात बी सुटले.’ जातं गेलं म्हणून पहाटेचं गाणं गेलं, आणि जातं गेलं म्हणूनच पहाटेची झोपही मिळाली. फक्त पहिलं सांगणं म्हणजे त्या बाईचं अर्धंच ऐकणं.

आणि बिघडल्याची ओरड तरी नवी कुठं आहे? नाटकवाल्यांनी सिनेमाला नावं ठेवली, केसकरांनी सिनेमाच्या गाण्याला, आमच्या वडलांनी केबलला, आम्ही रीलला. टिकटॉकवर खेड्यातली नवरा-बायको, बांधावरची पोरं, फडावरचे मजूर पहिल्यांदाच पडद्याच्या आत गेले. २९ जून २०२०ला त्यावर बंदी आली. कारण देशाच्या सुरक्षेचं होतं, आणि त्यावर मला वाद घालायचा नाही. पण ज्यांची आजी पडद्याच्या मागं बसली होती त्यांचं नातवंड पडद्याच्या आत आलं, हा सत्तर वर्षांतला केवढा मोठा बदल, हे दहावीच्या मुलाला कुणी सांगायचं? आणि ज्या मोबाईलवर नातू रील बघतो त्याच मोबाईलवर आजोबा रात्री कीर्तन ऐकतात, हे कोणत्या रकान्यात टाकायचं?

हे काम हलकं नाही, हेही सांगतो. रिचर्ड हॉगार्ट हे इंग्लंडमधल्या लीड्सच्या कामगारवस्तीत आजीनं वाढवलेलं पोरकं पोर. त्यांनी १९५७ साली आपल्या वस्तीतली गाणी, साप्ताहिकं, बायांच्या गप्पा यांवर एक गंभीर ग्रंथ लिहिला, आणि १९६४ला बर्मिंगहॅम विद्यापीठात या विषयाच्या अभ्यासाचं केंद्र काढलं. नव्या करमणुकीवर त्यांचीही नाराजी होती. पण आधी त्यांनी आपल्या आजीच्या घराची नोंद नीट केली, मग नाराजी लिहिली. आपल्याकडं दुर्गाबाई भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचं केवढं काम करून ठेवलं आहे. ते काम जात्यापर्यंत येतं. जात्याच्या पुढं रेडिओ, पडदा, कॅसेट आणि मोबाईल आहे. तिथली नोंद करायला आमच्या लेकरांएवढं सोयीचं कुणी नाही. त्यांच्या घरात हे सगळं अजून माळ्यावर पडलेलं आहे, आणि सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं टप्प्याटप्प्यानं येत आहेत. दहावीची पाळीही येईल. म्हणून मागणं आत्ताच मांडतो. फार नाही.

पहिलं, करमणुकीच्या पाठात प्रेक्षक आणि श्रोता यांना स्वतंत्र जागा द्या. कोण बघत होतं, कुठं बसून, पैसे कोण देत होतं, आणि कुणाला मनाई होती, हे चार प्रश्न प्रत्येक माध्यमाखाली छापा.

दुसरं, महाराष्ट्राचा एकच कालपट देऊ नका. मराठवाड्याला १९४८ आहे. विदर्भाला, कोकणाला, खानदेशाला त्यांचं त्यांचं काहीतरी असेल, ते तिथल्या शिक्षकांना विचारा.

तिसरं, आंबेडकरी गाणं, लेंगी आणि ऊसतोडीचा फड यांना ‘लोककला’ म्हणून चित्राच्या चौकटीत बसवू नका. ते चालू इतिहासाचे भाग आहेत, पाठाच्या मजकुरात यावेत.

चौथं, मुलानं घेतलेल्या एका मुलाखतीला अंतर्गत मूल्यमापनात गुण द्या. गुण नसलेली गोष्ट आमच्याकडं वर्गात टिकत नाही, हे आपण जाणता. आणि बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असा ठेवा की ज्याचं उत्तर गाइडात सापडणार नाही.

पाचवं, पाठाच्या शेवटी दोन पानं कोरी सोडा. वर नुसतं छापा: ‘आमचं गाव’. कागदाच्या खर्चाची अडचण असेल तर विष्णुदास भाव्यांपासूनच्या ‘पहिल्यां’ची यादी थोडी आवरती घ्या. ती गाइडात मिळतेच.

तो प्रश्न विचारणारी मुलगी आता परभणीला कॉलेजात आहे. तिची धाकटी बहीण यंदा माझ्या वर्गात आहे आणि तिच्या हातात अजून तेच पुस्तक आहे. सहावा पाठ पुढच्या आठवड्यात सुरू करतोय. मागच्या वर्षांच्या वह्या, कालपट आणि ती रेडिओ लायसन्सची पुस्तिका कपाटात जपून ठेवली आहे. आपल्यापैकी कुणी पाहायला आलं तर दाखवीन. येणं जमत नसेल तर झेरॉक्स काढून पाठवतो, फक्त कोणत्या पत्त्यावर ते कळवावं.

आपला,
एक इतिहास शिक्षक
राणीसावरगाव, ता. गंगाखेड, जि. परभणी